बस्त्यावचं प्रेशर उतरलं तो दिवस

बस्त्याव गेला त्या दिवशी सकाळी मी त्याला शाबासकी दिली होती. इस्पितळातल्या खाटेच्या पायथ्याशी टांगलेला कागद वाचून मी त्याच्या उशाशी वाकलो आणि म्हणालो, "बस्त्याव, शंभरावर आलं. पास झालास." त्याने डोळे उघडले. ओठ सुकले होते, पण मिशीच्या टोकाशी ते जुनं हसू जरासं हललं. "शंभरातले शंभर?" तो म्हणाला. "शाळेत कधी मिळाले नाय, मास्तर." मीही हसलो. इतकंच नव्हे, घरी गेल्यावर बायकोला हे वाक्य कसं सांगायचं, ते मनात घोळवत बसलो. त्याच दुपारी अडीच वाजता तो गेला. आज पाच आठवडे झाले. अजूनही शाळेत फळ्यावर शंभर लिहायची वेळ आली की माझा हात थांबतो आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

गेलेल्या माणसाविषयी लिहिताना त्याचे गुण सांगायची रीत आहे. ते मी सांगणारच आहे. आणि त्यासाठी मला काही शोधावं लागणार नाही. पण ही लेखणी मी हातात घेतली ती त्यासाठी नव्हे. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, आणि त्या धक्क्यात मृत्यूचा वाटा निम्माच आहे. उरलेला निम्मा माझा आहे. वाचकांनी हे आधीच ऐकून ठेवावं, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सावरू लागलो तर तुमच्या लक्षात येईल.

मी वसईजवळच्या होळी गावचा, तो गिरीजचा. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग त्याचे वडील वारले आणि केळीची वाडी त्याच्या अंगावर पडली; मी पुढे शिकून मास्तर झालो. तो मला 'मास्तर' म्हणायचा तो मानाने नव्हे, चिडवायला. आणि लगेच 'तू' म्हणून तो मान परतही घ्यायचा. कागदावरचं गणित त्याला कधी जमलं नाही. सात आठे किती, म्हटलं की खिडकीबाहेर बघायचा. पण झाडावरच्या केळीच्या लोंगराला खालून एकदा हात लावला की किती केळी आहेत ते सांगायचा. मी वाडीत गेलो की मुद्दाम मोजून बघत असे, आणि दरवेळी माझीच मोजणी चुकलेली निघे. "तू डोक्याने मोजतो," तो म्हणायचा. "हाताने मोज." मला याचा राग येई. शिकलेल्या माणसाला हाताने मोजायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला दोरी धरायला सांगणं, असं मला वाटे.

त्याची सुकेळी आमच्या पंचक्रोशीत नावाजलेली. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, आणि मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट गुंडाळायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ऊन किती द्यायचं, दव पडायच्या आत झाकायचं कधी, हे सगळं बोटांना कळावं लागतं. बस्त्याव मांडवाशी उभा राहून केळं चिमटीत धरायचा आणि म्हणायचा, "उद्या." म्हणजे उद्या. परवा नाही. स्वभावाने तापट. रहाटाच्या रेड्याशी बोलला तरी बाजूच्या चार वाड्यांत ऐकू जाई. भांडायचाही तसाच, सगळ्या गावाला ऐकवून. आणि अर्ध्या तासाने ज्याच्याशी भांडला त्याच्याच ओटीवर विडी ओढत बसलेला दिसे. त्याच्या बायकोने, रेमेतवहिनीने, मला एकदा सांगितलं होतं, "यांचा राग म्हणजे कढीचा ऊत. चूल फुंकनारीने बाजूला व्हायचं, बस." वहिनी कधी शाळेत गेली नाही. पण माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पाऊस सरता सरता बस्त्यावचं डोकं दुखू लागलं. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये (गिरीजचे लोक चर्चला देऊळच म्हणतात), मिस्साची प्रार्थना चालू असताना त्याच्या नाकातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढतच वसईच्या बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नुकतंच प्रेशर मोजायचं यंत्र आणलं होतं. लाकडी पेटी, उभी काचेची नळी, तिच्यात पारा. दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, पारा सरसर वर चढला. मी भारल्यासारखा बघत होतो. माणसाच्या आत काय चाललंय ते आकड्यात दिसतं, ही गोष्ट मला देवदर्शनाइतकी वाटली. "दोनशे दहा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "किती असायला हवं?" मी विचारलं. "एकशे चाळीसच्या आत आलं तर मला बरं वाटेल." मी खिशातली वही काढली आणि दोन्ही आकडे लिहून घेतले. बस्त्याव सदऱ्याची बाही खाली करत म्हणाला, "झालं. आता हा मला परीक्षेला बसवनार."

खरंच बसवलं. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दर शनिवारी दुपारी मी त्याला डॉक्टरांकडे नेत असे. आकडा वहीत जाई. मीठ बंद, सुकी मासळी बंद, विडी बंद, आरडाओरड बंद. "सभोवार मिठागरं, आनि मी अळनी जेवायचं?" तो कुरकुरायचा. सर्पगंधेच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी त्याचं नाक चोंदलं आणि दिवसाउजेडी झोप येऊ लागली. एकदा मी गेलो तर रेडा रहाटाभोवती फिरतोय आणि मालक माडाला टेकून घोरतोय. मला तेही प्रगतीचं लक्षण वाटलं. आकडा उतरत होता, पण कूर्मगतीने. दोनशे, एकशे पंच्याण्णव, पुन्हा दोनशे. गावात तर त्या आकड्याची भाजीच्या भावासारखी चर्चा होऊ लागली. सायकलवरून जाणारा माणूस पाय टेकून विचारायचा, "मास्तर, आज किती?" आणि मी, खोटं कशाला बोलू, थांबून सविस्तर सांगत असे. वरचा आकडा म्हणजे काय, खालचा म्हणजे काय, रक्ताच्या नळ्या कशा ताठ होतात... डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली चार वाक्यं मी चाळीस करून सांगायचो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. तेव्हा मला तो पिवळा रंग सोन्याचा वाटत होता.

मग नवस. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी वहिनीने सायबिणीला, म्हणजे देवमातेला, नवस बोलायचं ठरवलं आणि देवळात जाण्याआधी ती मला विचारायला आली. अंगणातल्या दगडी कट्ट्यावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मास्तर, तुमी सांगा, काय मागू? देवाला नीट सांगितलेलं बरं. नायतर मागतो एक नि मिळतं एक." मी हसलो. मला तिचा प्रश्न फार समंजस वाटला. मी म्हणालो, "वहिनी, उगाच बरं कर, सुखी ठेव, असं मोघम मागू नका. सरळ सांगा, प्रेशर एकशे चाळीसच्या खाली येऊ दे." तिने तो आकडा दोनदा माझ्याकडून म्हणून घेतला. जाताना फाटकाशी थांबून तिसऱ्यांदा स्वतःशीच म्हटला, पोर दुकानात जाताना सामान घोकतं तसा. नऊ शुक्रवार ती अनवाणी देवळात गेली आणि दर शुक्रवारी हेच मागत राहिली. एकशे चाळीसच्या खाली आलं तर नऊ मेणबत्त्या तुझ्यापुढे पेटवीन, असा नवस. एका बाईने देवाकडे काय मागावं ते मी, वसई तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या मास्तराने, तिला घालून दिलं होतं.

फेब्रुवारीत, एका सोमवारी, सुकेळीच्या मांडवापाशी तो छाती धरून खाली बसला. मुलगा पास्कू जवळच होता. त्याने आणि शेजाऱ्यांनी बैलगाडीत गवत अंथरून त्याला वसईच्या लहानशा इस्पितळात आणलं. मला शाळेत निरोप आला. मी वर्ग तसाच सोडून धावलो. आमचेच डॉक्टर तिथे येत असत. त्यांनी हृदयविकाराचा झटका असल्याचं सांगितलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, हलायला बोलायला मनाई केली. मी पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच प्रेशरचा. "एकशे ऐंशी," डॉक्टर म्हणाले. मी कपाळाला हात लावला. तर डॉक्टर म्हणाले, "नाही मास्तर, प्रेशर टिकून आहे हे बरंच आहे." मला वाटलं, धावपळीत त्यांची जीभ घसरली असावी. दोन वर्षं जे उतरवायला आम्ही झटलो ते टिकून राहिलं तर बरं कसं? विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, मला कळतंय, त्यांना थकव्याने सुचत नाहीये. मी विचारलं नाही.

मंगळवारी एकशे पन्नास झालं. मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. बस्त्याव पडून होता, फिकटलेला, पण बोलत होता. मांडवावरची केळी कोण उलटतंय, एवढीच चिंता. बुधवारी सकाळी शंभर. ती शाबासकी तेव्हाची. वहिनी त्याच्या पायाशी बसून तळवे चोळत होती, सोमवारपासूनचं तेच लुगडं अंगावर. मी तिला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "वहिनी, एकशे चाळीसच्या खाली आलं. चांगलं चाळीसने खाली." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, निदान हात जोडेल. ती म्हणाली, "मग यांचा चेहरा असा का?" मी सांगितलं, तीन दिवस पोटात काही नाही, अशक्तपणा असणारच. अकराला सिस्टरने पुन्हा पट्टा बांधला. नव्वद. सिस्टर कागदावर लिहून भराभर चालत निघून गेली आणि तिने दारातल्या माणसाला डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर कुठल्याशा गावी रुग्ण पाहायला गेले होते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मी ते पाहिलं... आणि तरीही मला काहीच दिसलं नाही. मला फक्त नव्वद दिसले.

आता जे सांगतो ते लिहिताना मला लाज वाटते. वहिनीला मी घालवलं. तिला जायचं नव्हतं. "मेनबत्त्या काय, उद्या पेटवीन," ती म्हणाली. मी म्हणालो, "देवाने दिलं त्याच दिवशी नवस फेडावा. उद्यावर टाकू नये." देवाधर्माच्या बाबतीत मी एरवी कोणाला उपदेश करत नाही, आणि तिच्या देवाच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण त्या दिवशी मी इतका खूश होतो की मला तो आकडा मेणबत्त्या लावून साजरा व्हायला हवा होता. दोन वर्षांच्या माझ्या मेहनतीचं ते बक्षीस होतं. ती पुन्हा आत गेली, त्याच्यापाशी बसली, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, बराच वेळ. मग त्याच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली. तो म्हणाला, "जा. पास्कूला सांग, केळी दुपारनंतर उलट." मी स्वतः कोपऱ्यावरून टांगा आणला. स्वतः. टांग्यात चढताना तिने एकदा मागे, वॉर्डच्या खिडकीकडे पाहिलं. "मी आहे ना," मी म्हणालो.

ती गेल्यावर बस्त्यावला घाम सुटला. कपाळावर, मानेवर, ओठांच्या वर. मी माझ्या उपरण्याने पुसत होतो आणि मनात म्हणत होतो, यंदा फेब्रुवारीतच उकाडा सुरू झाला. तो अस्वस्थ झाला होता, कूस बदलायला बघत होता. मी त्याला दटावलं, हलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. "मास्तर, खिडकी उघड," तो म्हणाला. खिडकी उघडीच होती. मी तसं सांगितलं. त्याला बरं वाटावं म्हणून मी वही काढली आणि दोन वर्षांचे आकडे पहिल्यापासून वाचून दाखवले. दोनशे दहा, दोनशे, एकशे पंच्याण्णव... शेवटच्या नव्वदपर्यंत. त्याने ऐकले की नाही कोण जाणे. दोनच्या सुमारास डॉक्टर धावतच आत आले. त्यांनी कागद पाहिला, पट्टा बांधला, पारा बघितला, आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी दारातच उभा राहिलो. बाटली टांगली, इंजेक्शनं दिली, सिस्टरची पावलं आत बाहेर झाली. अडीचला सगळं थांबलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी मूर्खासारखा त्यांना म्हणालो, "पण प्रेशर तर उतरलं होतं." हे वाक्य मी दोनदा म्हणालो. डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसले. म्हणाले, "मास्तर, रहाट ओढणारा रेडा थकला तर पन्हळीत पाणी कमी येतं. तेव्हा तुम्ही म्हणता का, की बरं झालं, पाण्याचा जोर कमी झाला?" मी मान हलवली. "याच्या हृदयाचा एक भाग झटक्यात मेला होता. उरलेलं ओढत होतं. ओढवेनासं झालं तसं प्रेशर उतरत गेलं. एरवीचं उतरणं वेगळं आणि झटक्यानंतरचं वेगळं. म्हणून सोमवारी एकशे ऐंशी पाहून मला धीर आला होता. आज सकाळचे शंभर मला कोणी कळवले असते तर मी गावाला गेलोच नसतो. आलो असतो तरी वाचवू शकलो असतो, असं मात्र म्हणत नाही. असे रुग्ण फारसे वाचत नाहीत." सकाळचे शंभर! ते वाचून हसलं कोणी? सिस्टर मला म्हणाली होती, डॉक्टर घरून निघायच्या आत कोणी जाऊन सांगेल का? मी म्हणालो होतो, कशाला, ते दुपारी येतीलच, चांगलीच बातमी आहे... हे मी वर लिहिलं नव्हतं. बाजू सावरू लागेन असं म्हणालो होतो ना, ती ही अशी.

तीनच्या सुमारास टांगा थांबला. वहिनी उतरली. देवळात जायचं म्हणून तिने घरी जाऊन ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसत होता. मी पायऱ्यांवर उभा. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ती म्हणाली, "मास्तर, नऊच्या नऊ पेटल्या. एवढा वारा होता, पन एकबी विझली नाय." तिच्या बोटांना मेण लागलेलं होतं, अजून पुरतं सुकलेलं नव्हतं. मी काय केलं असेल? मी तिला म्हणालो, "छान झालं." हे खरंच म्हणालो मी. मग मागून सिस्टर आली आणि तिने वहिनीचा हात धरून तिला आत नेलं. मी तिथेच पायरीवर बसलो. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कानांवर हात ठेवले. आवाज आलाच नाही.

मातीला सगळं गिरीज लोटलं. कोणाशी भांडला नव्हता असा माणूस त्यात क्वचितच असेल, आणि ज्याच्याशी भांडला तोच जास्त रडत होता. पास्कूने शवपेटीला खांदा देताना मला पुढे ओढून घेतलं. मला तेही सोसवलं नाही. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच गोष्ट सांगायची, शांतपणे, पाढा म्हणावा तशी. "सायबिनीने माझं ऐकलं. मागितलं तेच दिलं. मीच मागायला चुकले. आकडा मागितला, मानूस मागायला विसरले." बायका डोळ्यांना पदर लावायच्या, पाद्रीबाबांनीही तिला समजावलं की देव असा शब्दात धरत नाही. ती मान हलवायची आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायची. मी ओटीवर पुरुषांमध्ये बसून ते ऐकत असे. आकडा तिला कोणी दिला ते तिने एकदाही सांगितलं नाही. आणि मीही नाही. रोज ठरवून जायचो, आज सांगू. रोज चहा पिऊन परत यायचो. सांगितलं तर माझं काय होईल ही भीती होती, तिचं काय होईल याची नव्हे. हेही लिहून टाकतो.

परवा त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. त्यानंतर सगळे पांगले आणि मी वाडीत मागे राहिलो. पास्कूने यंदाची सुकेळी तशीच पुढे नेली होती. वहिनी मांडवाखाली बसून सुकी पानं पुसत होती, एक एक, उलटसुलट. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. रेड्याचं आणि पन्हळीचं, सोमवारच्या एकशे ऐंशीचं. शंभर हे चांगलं नव्हतं, मरणाचं होतं, आणि डॉक्टरांना लवकर बोलावलं नाही ते माझ्यामुळे. "वहिनी, तुम्ही मागायला चुकला नाहीत. मी सांगायला चुकलो. तुमच्या तोंडून मरण मी मागवलं. आणि त्याच्या शेवटच्या घटकेला तुम्हाला त्याच्यापासून उठवून घालवलं तेही मीच." पन्नाशी उलटलेला माणूस, मांडवाखाली लहान मुलासारखा रडत होतो.

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता उठेल आणि मला वाडीतून जायला सांगेल, आणि मी त्याला तयार होतो. तिने पुसलेली पानं एकावर एक रचली, वर दगड ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ठाऊक होतं, मास्तर. म्हनजे प्रेशरचं नाय. पन हात हातात घेतला तेव्हा तो गार होता. माझा बाप गेला तेव्हा असाच गार झाला होता, आधी बोटं, मग मनगट. मी चोळला, चोळला, पन ऊब येईना. म्हनून चादर ओढली."

टांग्यात चढताना वॉर्डच्या खिडकीकडे वळलेली तिची नजर मला पुन्हा दिसली. मी विचारलं, "वहिनी, मग तुम्ही बोलला का नाहीत? मला का नाही सांगितलंत?"

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आळही नव्हता. मला काय विचारायचंय तेच जणू तिला कळत नव्हतं.

"तुमी आकडा सांगत होता ना," ती म्हणाली.